बिलोलीच्या शाळेचा लॅपटॉप

मे महिन्यात विनोद लातूरहून एसटीनं आला तेव्हा लॅपटॉप त्यानं टॉवेलात गुंडाळून पोटाशी धरला होता. विशाखानं दार उघडलं आणि तिला हसू आलं.

"एवढं काय सोनं आणलंयस?"

"गर्दी लई होती ताई. कुणाचं कोपर लागलं असतं म्हणजे पडदा गेलाच असता." चपला काढायच्या आधी तो लॅपटॉप आत टेबलावर ठेवून आला.

लातूरला क्लासेसच्या गल्लीत विनोदचं दुरुस्तीचं दुकान होतं. परीक्षा संपवून गावाकडं परतणारी पोरं जुने मोबाईल, लॅपटॉप विकून जायची. ते घ्यायचे, झाडूनपुसून नव्या पोरांना विकायचे, त्यावर त्याचं घर चालायचं. आई गेली तेव्हा विनोद तिसरीत होता. विशाखानंच त्याला डबे करून दिले, बारावीत दोनदा आपटल्यावर नवऱ्याशी बोलून दुकान काढून दिलं. त्यामुळं ताईसाठी चांगला लॅपटॉप शोधून आणला याचा त्याला अभिमान होता, आणि तिला त्याच्याहून जास्त.

विशाखा गजभारे नांदेडच्या एका खाजगी शाळेत विज्ञान शिकवायची. घरून एम.एड. करत होती आणि प्रबंध टाइप करायला रोज शाळेच्या ऑफिसात क्लार्कच्या तोंडाकडं बघत बसावं लागायचं. आता ती कटकट संपली.

"सगळं टाकून दिलंय त्यात," विनोद निघताना म्हणाला. "तू फक्त वापर. अपडेट-बिपडेट मागितलं तर करू नको. खामखा स्लो होतो."

हे तिला पटलं नाही, कारण शाळेनं नुकतंच तिला सायबर सुरक्षेच्या प्रशिक्षणाला पाठवलं होतं. तिथं एका सरांनी बजावून सांगितलं होतं की वापरलेलं मशीन घेतलं की आधी ते कोरं करायचं. जुन्या मालकाची खाती त्यात राहिलेली असतात, आपल्याला न दिसणारा एखादा प्रोग्राम कुणीतरी बसवून ठेवलेला असतो, आणि आपण भाबडेपणानं त्यावरच बँकेचा पासवर्ड टाकतो. सगळं पुसायचं, नव्यानं सुरू करायचं, नेट जोडून अपडेट घ्यायचे, मगच आपलं म्हणायचं. विशाखानं ते वहीत उतरवून घेतलं होतं. विनोद दुकानदार असला म्हणून काय झालं, प्रशिक्षण तिनं घेतलं होतं.

रविवारी विहारातून आल्यावर, जेवणं झाली आणि नवरा, धम्मानंद, आडवा झाला, तेव्हा तिनं लॅपटॉप चार्जिंगला लावला आणि रीसेट सुरू केलं. सगळं काढून टाकायचं का, असं मशीननं विचारलं. तिनं होकार दिला. बराच वेळ टक्के वाढत राहिले. मधे ती भांडी आवरून आली. मग भाषा निवडायची आली, ती निवडली. वायफाय जोडायचं आलं, ते जोडलं. पडद्यावर ठिपके गोल गोल फिरत राहिले आणि मग मधोमध एक चिन्ह उमटलं. उघडं पुस्तक, त्यावर पणती. खाली नाव होतं: गंगाबाई पत्तेवार कन्या प्रशाला, बिलोली. आणि त्याखाली, आपल्या शाळेचा ईमेल व पासवर्ड टाका.

आपलंच काहीतरी चुकलं असं तिला आधी वाटलं. बंद करून चालू केलं. पुन्हा तेच पुस्तक, तीच पणती. पुढं जायला वाटच नव्हती. तिनं विनोदला फोन लावला.

"अरे, ह्याच्यावर कुण्या शाळेचं नाव येऊन राहिलंय. बिलोलीच्या."

पलीकडं विनोदनं दुकानातल्या गिऱ्हाइकाला थांबायला सांगितलं.

"तू रीसेट मारलंस का?" तो म्हणाला.

"हाव. मारायचं असतं."

"मी करून दिलं होतं ना सगळं? कुणी सांगितलं होतं तुला हात लावायला?"

"विनोद, कुठून घेतला होतास?"

"एका माणसाकडून. तीन आले होते सोबत."

"बिल?"

"जुन्या मालाला बिल कुठं असतंय ताई." आवाज एकदम खाली आला. "बंद करून ठेव. मी येतो."

विशाखानं बंद करून ठेवला. धम्मानंदचे मामा बिलोलीतच राहत होते. त्यांना एक फोन केला असता तर शाळेचा नंबर त्यांनी शोधून दिला असता. शाळेचं नाव तर पडद्यावर ढळढळीत होतं. फोन तिच्या हातातच होता. तिनं तो उशाशी ठेवला आणि कपडे दोरीवरून काढायला गेली.

चार दिवसांनी विनोद पेनड्राइव्ह घेऊन आला. नेट न जोडता त्यानं सगळं नव्यानं बसवलं. शाळेचं नाव गेलं. "मशीनची नोंद शाळेच्या नावावर आहे, रीसेट करून नेट जोडलं की नाव परत येतंय. म्हणून आता परत रीसेट करायचं नाही, अपडेट घ्यायचं नाही. बाकी काय पाहिजे ते कर."

"चोरीचा हाय का रे?"

तो वायर गुंडाळत होता. "मला माहीत नाही. आणि तूही विचारू नको."

तिनं पुन्हा विचारलं नाही. त्याला आवडते म्हणून चुरमुऱ्यांची सुशीला केली, वरून शेंगदाणे जास्तीचे टाकले, आणि तो खाताना बघत बसली. नवऱ्याला काहीच सांगितलं नाही.

त्या लॅपटॉपवर तिचा प्रबंध पूर्ण झाला. टाइप करताना पणती आठवायची नाही असं नाही, पण काम लागलं की माणूस विसरतो. शाळा उघडल्यावर पालकसभेत मुख्याध्यापकांनी तिलाच सायबर सुरक्षेवर बोलायला उभं केलं. जुना कॉम्प्युटर घेताना काय काळजी घ्यावी हे तिनं मुद्देसूद सांगितलं. एका पालकानं हात वर करून विचारलं, "म्याडम, तो चोरीचा निघाला तर?" विशाखा म्हणाली, "बिल बघूनच घ्यावा," आणि पुढच्या मुद्द्यावर गेली. खाली बसली तेव्हा तिचे कान गरम झाले होते. शेजारच्या बाईंनी छान बोललात म्हणून तिचा हात दाबला.

विहारातही तसंच होऊ लागलं. लहानपणापासून पंचशील म्हणताना तिचा आवाज सगळ्यांच्या वर असायचा. आता न दिलेलं घेणार नाही, ते दुसरं शील आलं की ओठ हलायचे, आवाज निघायचा नाही. पुढच्या शीलाला तो परत यायचा. कुणाच्या लक्षात आलं नाही.

दिवाळी झाल्यावर बिलोलीला मामांच्या मुलीचा साखरपुडा निघाला. धम्मानंद आणि विशाखा आदल्या दिवशीच गेले. पाहुणे बरेच होते आणि चांगुणामामींनी भांडी घासायला दोन बायका लावल्या होत्या. त्यांतली एक उंच, सावळी, पन्नाशीकडं झुकलेली. तेलुगू वळणाचं मराठी बोलायची, तेही फार कमी. कार्यक्रम आटोपला, पंगती उठल्या, बायकांनी भांडी पालथी घातली. मामी चमचे, वाट्या मोजायला बसल्या. दुसरी बाई पैसे घेऊन निघून गेली. ही उंच बाई मात्र जायच्या आधी मामींसमोर आली, आपली कापडी पिशवी उघडली आणि खाली वाकून सगळं फरशीवर काढून ठेवलं. एक डबा, त्यात तिला दिलेलं जेवण. एक जुनी साडी. पान-तंबाखूची पुडी. तिला कुणी काही म्हणालं नव्हतं.

"राहू दे गं, राहू दे," मामी म्हणाल्या, पण डब्याकडं त्यांनी बघितलं.

बाईनं सगळं परत भरलं आणि मागच्या दारानं गेली. विशाखा ताटं पुसत होती.

"ती अशी पिशवी का दाखवती मामी?"

"कमलम्मा व्हय? शाळंत कामाला हुती. पत्तेवारच्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथलं तीन लॅपटॉप गेलं बघ चोरीला. चावी हिच्याकडं असायची. जूनमधी शाळा उघडली, कपाट बघितलं तर रिकामं. रोजंदारीवर हुती, दिली काढून." मामींनी वाट्या एकात एक बसवल्या. "खरंखोटं देवाला ठाव. पण आपल्याला बी जिवाला घोर नको. सगळीच मोजून घेत्यात, म्हून मी बी घेते. आता ती न सांगताच दाखवती."

विशाखाच्या हातातलं ताट खाली ठेवलं गेलं. "पोलिसांत?"

"नेलं हुतं ना. दोन-तीनदा बसवून ठिवलं. ती म्हणत हुती, कॉम्प्युटर दुरुस्तीवाला माणूस आल्ता सुट्टीत, त्यालाच उघडून दिलं. पण त्यो म्हणला मी गेलोच न्हाई. मग?"

परतीच्या एसटीत विशाखा खिडकीशी बसली होती. नायगाव गेल्यावर तिनं धम्मानंदला सगळं सांगितलं. तो कृषी खात्यात होता, शांत माणूस, घरात आवाज चढवायचा नाही. त्या दिवशीही चढवला नाही. समोरच्या सीटची फाटलेली रेक्झिन बघत बसला.

"तू मला आधी का नाही सांगितलंस?"

तिच्याकडं उत्तर होतं, पण ते असं होतं की सांगितलं असतं तर परत द्यावा लागला असता.

घरी आल्यावर दोघांनी विचार केला, आणि त्यातून जे निघालं ते दोघांचं होतं. लॅपटॉप परत द्यायचा, यात वाद नव्हता. विनोदचं नाव घ्यायचं नाही, यातही नव्हता. त्याला दोन लहान मुली होत्या. "काल-परवा घेतला म्हणून सांग," धम्मानंद म्हणाला. "नांदेडला रस्त्यावर कुणीतरी विकत होता. घरी येऊन रीसेट केला तर शाळेचं नाव दिसलं. लगेच आणून दिला. कुणाचं वाईट होत नाही, वस्तू ज्याची त्याला मिळते."

तिनं आपल्या फाइली पेनड्राइव्हवर घेतल्या आणि लॅपटॉप पुन्हा कोरा करून नेटला जोडला. उन्हाळ्यात हेच तिनं स्वतःला जपायला केलं होतं, आणि ते बरोबर होतं. आता तीच बटणं दाबून आपल्या खुणा पुसताना तिला दारं-खिडक्या लावून घेतल्यासारखं वाटलं. पुस्तक आणि पणती परत आली. या वेळी ती यायलाच हवी होती.

शनिवारी सकाळच्या शाळेला सुट्टी टाकून ती एकटीच बिलोलीला गेली. मामांकडं गेली नाही. शाळा रस्त्याला लागूनच होती, पिवळ्या रंगाची, पुढं मोठं कडुनिंब. मुख्याध्यापिका बिरादार बाईंनी तिला बसवलं, लॅपटॉप उघडला, शाळेचं चिन्ह बघितलं आणि त्यावरून बोट फिरवलं.

"पोरींसाठी मोठ्या मुश्किलीनं मिळवले होते हो," त्या म्हणाल्या. "कुठं मिळाला तुम्हाला?"

विशाखानं ठरल्याप्रमाणं सांगितलं. नांदेड. रस्त्यावर एक माणूस. परवाच. बोलताना ती टेबलावरच्या काचेखालच्या वेळापत्रकाकडं बघत होती. गोष्ट तोंडातून सरळ निघाली, कुठं अडली नाही. याचंच तिला नंतर जास्त वाटलं.

बिरादार बाईंनी चहा सांगितला. मग शिक्षकांना बोलावलं. मग कुणीतरी शाल आणली, शाळेत पाहुण्यांसाठी ठेवलेली असते तशी. विशाखा नको नको म्हणत राहिली, ते त्यांना नम्रपणा वाटला. मैदानात मधल्या सुट्टीसाठी सुटलेल्या मुलींना रांगेत बसवलं. बिरादार बाई बोलल्या, की या बाई आपल्यासारख्याच शिक्षिका आहेत, पदरचे पैसे गेले तरी वस्तू परत करायला एवढ्या लांबून आल्या, मुलींनो, असं वागायला शिका. शाल खांद्यावर आली. टाळ्या वाजल्या. एका शिक्षकानं मोबाईलवर फोटो काढला आणि म्हणाला, "म्याडम, इकडं बघा जरा." तिनं बघितलं.

ऑफिसात परत आल्यावर दारात कमलम्मा उभी होती. तिला निरोप गेला असावा. चालत घाईनं आली होती, श्वास लागला होता. तिनं विशाखाला साखरपुड्यातली म्हणून ओळखलं की नाही, कळलं नाही. तिनं टेबलावरच्या लॅपटॉपकडं बघितलं आणि दोन्ही हात जोडले, लॅपटॉपला की विशाखाला ते सांगता आलं नसतं.

"सापडला," ती म्हणाली. "बरं झालं म्याडम. लई बरं झालं."

"एक सापडला," बिरादार बाई म्हणाल्या. वाईट बाई नव्हत्या त्या, पण आवाज कोरडा होता. "नांदेडला एक माणूस विकत होता म्हणे. कमलम्मा, तुझा जावई नांदेडलाच असतो ना?"

कमलम्माला आधी समजलंच नाही. मग समजलं.

"ऑटो चालवतो तो," ती म्हणाली.

"मी काही म्हणत नाही. पोलिसांना कळवावं लागेल, ते बघतील." मग विशाखाकडं वळून, "माणूस कसा होता म्याडम? वय साधारण?"

"नीट आठवत नाही," विशाखा म्हणाली. "अंधार पडत आला होता."

तिनं चहाचा कप अर्धा ठेवला, उशीर होतोय म्हणाली आणि बाहेर पडली. कडुनिंबाखालून जाताना शाल अजून खांद्यावर होती हे तिच्या लक्षात आलं. ती काढून हातात घेतली. फाटकाबाहेर आली तर मागून हाक आली.

"अम्मा, जरा थांबा. म्याडम."

कमलम्मा चालत आली. तिनं पदराच्या गाठीतून मोबाईल काढला, साधाच, काच तडकलेला, आणि त्यावर एक फोटो उघडून पुढं धरला. एक तरुण माणूस, कडेवर बाळ, मागं ऑटो.

"ह्यो माजा जावई. बघा. ह्यो हुता का? न्हवता ना? तुमी बघितलंय त्या माणसाला. तुमी सांगितलं तर ऐकतील ते. तुमचं ऐकतील."

विशाखानं फोटोकडं बघितलं. बाळानं बापाचा कान धरला होता.

"हा नव्हता," ती म्हणाली.

"नीट बघा."

"हा नव्हता. कुणीच नव्हता. रस्त्यावर कुणी माणूस नव्हता. मी खोटं सांगितलं. लॅपटॉप माझ्या भावानं दिला. त्याचं लातूरला दुकान आहे."

कमलम्मानं मोबाईल खाली घेतला नाही. हात तसाच पुढं राहिला.

"कवा दिला?"

"उन्हाळ्यात. मे महिन्यात."

"शाळेचं नाव कवा दिसलं तुमाला?"

"त्याच आठवड्यात."

रस्त्यानं एक ट्रॅक्टर गेला. कमलम्मानं तो जाऊ दिला.

"मला जूनमधी काढलं," ती म्हणाली.

एवढंच म्हणाली. विशाखाला रडू आलं तसं कमलम्मा एक पाऊल मागं सरली, जणू ते रडणं आपल्या अंगावर येऊ नये.

"माफ करा," विशाखा म्हणाली. "मला माहीत नव्हतं तुमच्यावर आळ आला ते. साखरपुड्यात तुम्हाला बघितलं, तेव्हा कळलं."

"मगाशी निरोप आला तवा मी देवीला हात जोडलं. कुण्या भल्या बाईनं आणून दिलं म्हणले." कमलम्मानं मोबाईल परत पदरात बांधला. गाठ दोनदा घातली. "आता हे मला सांगून तुमी जाणार व्हय? तुमचं ओझं उतरलं. माज्या डोक्यावरचं?"

विशाखानं शाल एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"मी आत जाऊन सांगितलं तर कोण ऐकल? दुरुस्तीवाला आल्ता म्हणून मी सांगितलंच हुतं, कोण ऐकलं? तुमी चला. तुमीच सांगा."

"माझी एसटी..." विशाखा म्हणाली.

हे दोन शब्द तिच्या तोंडून का निघाले हे तिला कधीच कळलं नाही. पुढं धम्मानंदला, मामींना सगळं सांगितलं, हे मात्र कुणाला सांगितलं नाही. कमलम्मानं तिच्याकडं बघितलं, रागानं नाही, भांडी मोजणाऱ्या बाईकडं बघावं तसं, आणि शाळेच्या फाटकाकडं चालू लागली. विशाखा तिच्या मागं गेली.

बिरादार बाई लॅपटॉप कपाटात ठेवत होत्या. शिक्षक अजून तिथंच होते, फोटो ग्रुपवर टाकत होते. विशाखा उभ्यानंच बोलली. या वेळी शब्द नीट निघाले नाहीत, मागंपुढं झाले, दोनदा तिला थांबावं लागलं. पण मे महिना तिनं सांगितला, नाव दिसल्याचं सांगितलं, प्रबंध त्यावरच लिहिला हे सांगितलं, आज सांगितलेली गोष्ट घरी बसून ठरवली होती हेही सांगितलं.

"भावाचं नाव?" बिरादार बाईंनी विचारलं.

तिसरीतल्या पोराचे केस विंचरताना ती जे नाव शंभरदा घ्यायची, ते घ्यायला तिला वेळ लागला. "विनोद," ती म्हणाली. "विनोद सोनकांबळे."

शाल तिनं घडी करून टेबलावर ठेवली. ती कुणी उचलली नाही. फोटो काढणारा शिक्षक मोबाईलमधे काहीतरी करत होता, बहुधा पुसत होता. बिरादार बाई खुर्चीत बसल्या आणि पहिल्यांदाच कमलम्माला म्हणाल्या, "बस ना. उभी का तू?"

कमलम्मा बसली नाही. "मोठ्या बाई, हे पोरींसमोर सांगा," ती म्हणाली. "मगाशी सगळ्या पोरी बसल्या हुत्या. मला चोर म्हणलं तेबी पोरींसमोरच म्हणलं हुतं."

"पोलिसांचं होऊ दे आधी," बिरादार बाई म्हणाल्या. त्यांनाही नजर वर करता येत नव्हती.

पोलिसांचं व्हायला वेळ लागला. विशाखाचा जबाब झाला. विनोदला लातूरहून बोलावलं, दोन दिवस बसवून ठेवलं. त्यानं दुरुस्तीवाल्याचं नाव सांगितलं. शाळेची मशीनं दुरुस्त करणारा तोच माणूस सुट्टीत येऊन सर्व्हिसिंगला म्हणून तीन लॅपटॉप घेऊन गेला होता. उरलेल्या दोनांतला एक सापडला, एक सापडला नाही. विनोद जामिनावर सुटला. केस उभी राहील तेव्हा राहील.

संस्थेनं कमलम्माला परत बोलावलं. एका सोमवारी प्रार्थनेनंतर बिरादार बाईंनी मुलींना सांगितलं की कमलम्मा मावशींवर चुकीचा आळ आला होता, शाळेची चूक झाली. दोनच वाक्यं होती म्हणे. हे सगळं मामींनी फोनवर सांगितलं. मामींनी त्यानंतर एका कार्यक्रमाला कमलम्माला भांड्यांसाठी निरोप धाडला होता. ती आली नाही. "येळ न्हाई म्हणली," मामी म्हणाल्या, आणि मग, "मी पण काय कमी केलं का गं तिचं," असं स्वतःशीच म्हणून त्यांनी फोन ठेवला.

धम्मानंद बरेच दिवस मामांकडं गेला नाही. खोटं आपणच सुचवलं होतं, हे मामांना कळलं याचं त्याला लागलं होतं. विशाखावर तो रागावला नाही. पण एसटीत ज्या सुरात त्यानं विचारलं होतं, तू मला आधी का नाही सांगितलंस, तो सूर अधूनमधून साध्या बोलण्यातही यायचा.

थंडी सरत आल्यावर विशाखा लातूरला गेली. विनोद फोन घेत नव्हता. क्लासेसच्या गल्लीतलं दुकान त्यानं दुसऱ्याला दिलं होतं आणि स्वतः एका डाळमिलमधे मापाडी म्हणून लागला होता. ती घरी पोचली तेव्हा तो नुकताच आला होता, भुवयांवर डाळीची पांढरी धूळ. त्याच्या बायकोनं विशाखाला पाणी दिलं आणि मुलींना घेऊन आत गेली.

दोघं समोरासमोर बसले.

"आई गेल्यावर तूच होतीस मला," विनोद म्हणाला. "तू मला धरून दिलंस."

"हाव."

"तुलाही माहीत होतं ना ताई? मी एकटाच चोर कसा?"

"माहीत होतं," विशाखा म्हणाली. "तिथं मी दोघांचं सांगितलं. माझं आधी सांगितलं."

त्यानं मान हलवली. ती मानल्याची होती की नाही, तिला कळलं नाही. "त्या बाईला मी कधी बघितलंही नाही," तो म्हणाला. "बिलोलीत अशी कुणी बाई असंल, असं डोक्यातच नाही आलं."

"माझ्या डोक्यात यायला पाहिजे होतं. नाव माझ्यासमोर आलं होतं."

तो तोंड धुवायला उठला. न्हाणीतून पाण्याचा आवाज येत राहिला, गरजेपेक्षा जास्त वेळ. मग बाहेर न येता तिथूनच म्हणाला, "जेवून जा. बायकोनं भाकरी टाकल्यात."

ती जेवली. तो तिच्या शेजारी बसून जेवला, पण तिच्याकडं बघून नाही. धाकट्या मुलीनं आतेला वरण वाढलं. नांदेडच्या एसटीला अजून अवकाश होता, म्हणून विशाखा भांडी घासायला बसली, आणि विनोदची बायको नको म्हणाली नाही.